उशीखालचा नूर

केन-बुलाक, ४ जून

मेदेर,

सलाम. पत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे. मी ते लिहीत नाही, कारण आम्ही मजेत नाही.

कालिबेक ट्रक घेऊन बिश्केकला निघालाय, त्याच्या हाती ही पिशवी पाठवते. पिठाच्या पुडीखाली तुझा फोन आहे. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलाय, फुटलेला नाही. भाचीला आठव्या वाढदिवसाला दिलेली भेट परत करणं वाईट दिसतं, हे मला कळतं. पण माझ्यापुढे दुसरा इलाज नाही. माझ्या नवऱ्याचा, सोरोनबायचा, जुना फोनही मी घरात येऊ देत नाही, म्हणजे तुला कळवायचं ते असं हाताने लिहावं लागणार. अक्षराला हसू नकोस.

सायकालची तब्येत पार बिघडली आहे. फोन आल्यापासून ती त्याला चिकटूनच होती. "सकाळी तायके फोन करतील" म्हणून उशीखाली घेऊन झोपायची. मामाचं इतकं वेड कुठल्या पोरीला नसेल. आता तिच्याकडे बघवत नाही. गाल बसलेत, हाताच्या काड्या झाल्यात. खाते लांडग्यासारखी आणि अंगी काही लागत नाही. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी होते. फळ्यावरचं धूसर दिसतं म्हणते. एवढी मोठी मुलगी, पण अंथरूण ओलं करायला लागली आहे, आणि आमचा एर्निस, चार वर्षांचं पिल्लू, तो तिला त्यावरून चिडवतो. ती रडतही नाही. चेहऱ्यावरचा नूर गेला रे तिचा.

मला हे नवीन नाही. आपले बाबा असेच वाळत गेले. तू तेव्हा पाळण्यात होतास, मी तेरा वर्षांची होते, मी पाहिलंय. युरेनियमच्या खाणीच्या गावात जन्मलेल्या बाईला रेडिएशन म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. मीटरवाले यायचे, भिंतीला यंत्र लावायचे, आकडा वाचायचे आणि आईला म्हणायचे, मुलांना या खोलीत झोपवू नका. आकडा आला की समजायचं, ते इथे आहे. तुझ्या फोनचा डबा मी उलटा करून पाहिला. तळाशी बारीक अक्षरांत छापलंय: रेडिएशन, डोक्याजवळ ०.९८. मेल्यांनी स्वतःच्या हाताने छापलंय आणि तू मला ते रंगीत कागदात बांधून दिलंस!

वर आमच्या टेकडीवर नवा टॉवर उभा केलाय, तो वेगळाच. आमच्या छपराच्या बरोबर डोक्यावर. गावाला आनंद झाला, मला नाही झाला.

तुझा धंदा फोनचा आहे, तो तू कर. पण पोरीच्या उशाशी हे ठेवताना तुझा हात कसा धजला, एवढंच विचारते.

तुझी थोरली बहीण, तुझी एजे,
उलकान


बिश्केक, ११ जून

एजे, सलाम.

तुझा राग पोचला, त्याच्यामागून फोनही पोचला. मी दुकानात चांदी उघडत होतो तेव्हा आजूबाजूच्या गाळ्यांतली पोरं गोळा झाली. त्यांना वाटलं घरून काही खायला आलंय. आतून फोन निघाल्यावर मला दिवसभर पुरेल एवढं ऐकावं लागलं.

आता माझं शांतपणे ऐक. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं तुझं झालंय, आणि त्यात तुझी चूक नाही. पण रेडिएशन हा शब्द एक असला तरी चिजा दोन आहेत. आपल्या गावात दोन अल्माझ होते की नाही, एक नमाज पढवणारा आणि एक मेंढ्या पळवणारा? मेंढी गेली म्हणून कोणी मुल्लाच्या घरी झडतीला गेलं नाही. खाणीतलं रेडिएशन शरीरात शिरून तोडफोड करतं. फोनचे किरण रेडिओच्या जातीचे. ते फार तर मांसाला किंचित ऊब देतात, आणि डब्यावरचा आकडा एवढंच सांगतो की किती ऊब. दोनपर्यंत चालतं असं ठरलेलं आहे, हा तर एकाच्याही आत आहे. मोठे मोठे लोक वर्षानुवर्षं तपासताहेत. फोनमुळे पोर असं वाळल्याचं कोणाला दिसलेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, इतकंच.

उशीखाली ठेवायचा नाही, हे मात्र तुझं खरं. उशीखाली फोन तापतो, चार्जिंगला असला तर गादीही पेटायची. शिवाय पोरगी झोपायचं सोडून चित्रं बघत बसते. तेवढं तिला माझ्या नावाने दटाव.

बाकी तू लिहितेस त्यात घाबरण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. वाढीचं वय आहे, उंची वाढली की मुलं वाळतात. अंथरूण ओलं करते म्हणतेस, तर कलिंगडाच्या दिवसांत ते कोण करत नाही? तूसुद्धा दहा वर्षांची होईपर्यंत करायचीस, आईने मला सांगून ठेवलंय. डोळ्यांना चष्मा लागला असेल.

फोन परत पाठवतोय. सोबत सायकालसाठी नवातचा मोठा डबा आहे, तिला ती खडीसाखर आवडते ना, आणि जर्दाळूच्या सरबताच्या बाटल्या. तिला म्हणावं, भरपूर खा, गाल भरून काढ, तायके बघायला येणार आहेत.

जेझदेंना सलाम सांग. एवढ्या रागीट बाईशी संसार करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

तुझा
मेदेर


जायलूवरून, २८ जून

मेदेर,

तुझं ते दोन अल्माझांचं मी सोरोनबायला वाचून दाखवलं. तो हसला. मग त्याने सायकालकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

फोन मी नदीत टाकला. तुला सांगायचं नव्हतं, पण खोटं बोलायचं कशाला? गावातही सगळ्यांना सांगितलंय की पोरांच्या हातात देऊ नका, माझा सख्खा भाऊ हे विकतो तरी मी सांगते, देऊ नका. दोघीतिघींनी ऐकलं.

शाळेला सुट्टी लागली तशी आम्ही मेंढ्या घेऊन वर जायलूवर, उन्हाळी कुरणावर आलो. दरवर्षीपेक्षा लवकर आणि दरवर्षीपेक्षा दूर, खिंडीच्या पलीकडे. इथे टॉवर दिसत नाही, सोरोनबायच्या जुन्या फोनवर एक रेघही उमटत नाही. खाणीचे डॉक्टर बाबांना दर उन्हाळ्यात महिनाभर जायलूवर पाठवायचे ते तुला कोणी सांगितलंय का? घोडीच्या दुधाचा कुमिस प्या, जेवढा जाईल तेवढा प्या, विष लघवीवाटे निघून जाईल, असं लिहूनच द्यायचे. बाबा परत यायचे तेव्हा तोंडावर रंग असायचा. त्या औषधाने त्यांना काही वर्षं दिली, म्हणून तर तू जन्मलास. सायकालला तेच देतेय.

आणि गुण येतोय, मेदेर. इतकी तहान मी कोणाला लागलेली पाहिली नाही. कुमिसचा वाडगा एका दमात संपवते, वर झऱ्यावर जाऊन ओंजळीने पिते. अंगच मागतंय. सारखी तंबूतून उठून यूर्तच्या मागे पळते, सगळं धुऊन निघतंय. ती बसते तिथे मुंग्यांची रांग लागते. शेजारच्या यूर्तमधली म्हातारी म्हणते, पोरीच्या अंगातून काय निघतंय ते मुंग्यांनाही कळतं.

कुमिसमध्ये मी दोन्ही वेळा डोंगरी मध कालवते, ताकद यायला. तुझी नवात मात्र ठेवून घेतली. तुझ्यावर राग आहे, तिच्या तोंडचा घास काढणार नाही. कडाकडा चावून खाते आणि म्हणते, तायकेंना सांग डबा संपत आला.

अजून वजन भरत नाही. पण बाबांचंही आधी भरायचं नाही. मी हात पसरून रोज एकच मागते, हिचा बाबांसारखा शेवट होऊ नये. बाकी माझं सगळं गेलं तरी चालेल.

उलकान


बिश्केक, ५ जुलै

एजे,

तू गावभर सांगितलंस की मी विष विकतो. शाब्बास. परवा केन-बुलाकचे दोघे मुद्दाम दुकानावर आले. एकाने फोन हातात धरून विचारलं, "मेदेर, हा मारतो की नुसता लुळा करतो?" सगळा बाजार हसला. दुसऱ्या दिवसापासून शेजारचा गाळेवाला मला 'खाणवाला' म्हणून हाक मारतो. माझ्या बायकोने विचारलं, तुमच्या बहिणीचं तुमच्यावर एवढं वैर का? मी काय सांगू तिला?

आणि नदीत टाकलास! आता मासे एकमेकांची खुशाली विचारतील. महिनाभर पैसे बाजूला काढून काढून मी तो नीट केला होता, पोरीला माझं तोंड दिसावं म्हणून. मी तिथे येऊ शकत नाही वर्षवर्ष, तो फोन म्हणजेच मी होतो तिच्यासाठी. तू मला नदीत टाकलंस.

तुला पोरगी बरी करायची नाही, तुला बरोबर ठरायचंय. साप साप म्हणून भुई धोपटत बसली आहेस. ती खाते, पिते, झऱ्यावर पळते, नवात मागते, असं तूच लिहितेस. मग आजारी कुठून? दुखणाईत माणूस अन्नाला तोंड लावत नाही. मला तर वाटतं आजारी तू आहेस. बाबांची भीती तुझ्या अंगात मुरली आहे आणि ती तू त्या पोरीला पाजतेस, कुमिसमध्ये कालवून.

चूक झाली असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मला लिही. तोपर्यंत लिहू नकोस.

मेदेर


जायलूवरून, १२ जुलै

मेदेर,

तू लिहू नकोस म्हणालास. मी लिहितेय.

सायकाल उठत नाही. परवापासून पोटात कळा येतात, जे देते ते उलटून टाकते. कुमिस टाकला, मध टाकला, नुसतं पाणी दिलं तेही टाकलं, आणि तरी पाणीच मागते. ओठ फुटलेत. काल मला म्हणाली, "आई, एवढं पाणी दे ना की ते संपणारच नाही." मी हांडा तिच्या उशाशी आणून ठेवला. मग म्हणाली, हा छोटा आहे.

श्वास असा घेते की जणू चढ चढून आली आहे. पडून असते आणि छाती खोल खोल चालते. तोंडाला पिकल्या सफरचंदाचा वास येतो. इथे सफरचंदाचं एक झाड नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, चांगलं लक्षण आहे, फरिश्ते जवळ आले की असा वास सुटतो. मी तिला बाहेर काढलं, तिचा वाडगासुद्धा तिच्यामागे फेकला.

सोरोनबाय म्हणतो खाली नेऊ. मला धीर होत नाही. खाली टॉवर आहे, डोक्यावरच. एवढं विष धुऊन काढलं आणि परत त्याच्याखाली नेऊन निजवू? आणि इथे ठेवू तर काय देऊ? माझ्याजवळचं सगळं देऊन झालं.

तू बरोबर का मी बरोबर, ते आपण नंतर बघू. मी हरले असं लिहून हवं असेल तर हे घे, लिहून देते: मी हरले. शहरात रेडिएशनवर काही सुई निघाली आहे का? कोणाला तरी विचार. तू शिकलेला आहेस, तुझ्या चार ओळखी आहेत. कालिबेक आज खाली चाललाय, त्याला सांगितलंय की रस्त्यात कुठे थांबू नकोस.

मेदेर, माझी पोरगी जातेय.

एजे


नदीवरून, १४ जुलै

एजे,

हे मी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहितोय, वाऱ्याने फाटलं तर जोडून वाच.

कालिबेकने पत्र दिलं तेव्हा आम्ही चहा पीत होतो. मी मोठ्याने वाचलं. मुंग्यांचं मी मागे घरात गंमत म्हणून सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. आज सफरचंदाचं वाचलं आणि माझी सासू हातातला कप ठेवून उभी राहिली. तिला स्वतःला साखरेचा आजार आहे. म्हणाली, अरे, मुंग्या, तहान, ओलं अंथरूण, आणि आता हा वास! पोरीचं रक्त साखरेने भरलंय, तुम्ही बहीण-भाऊ कसला फोन फोन करताय?

एजे, हे रेडिएशन नाही. फोनचं नाही, खाणीचं नाही, टॉवरचं नाही. मुलांनाही साखरेचा आजार होतो, कोणाच्याही चुकीशिवाय होतो. त्याच्यावर सुई आहे. रोज घ्यावी लागते, पण पोरं शाळेत जातात, धावतात, म्हातारी होतात. तिला आजच्या आज, आत्ता, जिल्ह्याच्या दवाखान्यात ने. मध बंद, नवात बंद, फक्त पाणी. टॉवरखालून न्यावं लागलं तर टॉवरखालून ने, माझ्या गळ्याची शपथ.

मी निघालो लगेच, पण खालचा पूल पुराने वाहून गेलाय. गाड्या इकडेच अडकल्यात. जेझदेंचा फोन लागत नाही, तो मी शंभरदा लावला. एक घोडेवाला पाण्यातून जायला तयार आहे. मी म्हटलं मला मागे बसव. तो म्हणाला, शहरातल्या माणसा, तू पडशील आणि घोडाही नेशील, पत्र दे, ते वजनाला हलकं आहे. म्हणून हे पत्र. मी नदीच्या कडेने वरच्या पुलाकडे चालत निघतो.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते वाचू नकोस. वाचलं असशील तर विसर.

ने तिला, एजे. ने.

मेदेर


केन-बुलाक, ३१ जुलै

मेदेर,

मी लिहिणारा माणूस नाही. जनावरांच्या कानावर खूण करायची, एवढंच माझं लिहिणं. पण हे तोंडी निरोपाने पाठवता येत नाही.

दफनाला तू आलास आणि बायकांच्या रडण्यात तुझ्याशी धड बोलणंही झालं नाही. उलकानने तुझ्याकडे पाठ केली ते सगळ्यांनी पाहिलं. मनाला लावून घेऊ नकोस.

घोडेवाला आला तेव्हा मी सायकालला पुढ्यात घेऊन खोगिरावर बसलोच होतो. तिला शुद्ध नव्हती. उलकान मागच्या घोड्यावर होती. पत्र मी घेतलं, खिंडीत घोडा चालता चालता वाचलं. आम्ही खालून पाण्यातून उतरलो, तू वरच्या पुलाने चढत होतास, अशी आपली चुकामूक झाली. दवाखान्यात त्यांनी सगळं केलं, त्यांना बोल नाही. उलकान तिच्या उशाशी होती. डॉक्टरने मला व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं, साखर आहे, मधाने झालेली नाही, ती आतून होते. पण उशीर झाला. आठवडाभर आधी आणली असती तर पोरगी चालत घरी गेली असती. त्याने ते चिडून नाही सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, ते जास्त लागलं.

उलकानला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून फोनच म्हणते. दिवसभर फोनला शिव्या देते, आणि तेवढा वेळ ती जिवंत असते. शिव्या संपल्या की उठून नदीवर जाते आणि काठाशी उभी राहते. आपल्या नदीला या दिवसांत किती पाणी असतं ते तुला ठाऊक आहे. मी लांब उभा राहतो. एर्निसला मुद्दाम तिच्याकडे पाठवतो, तो तिचा झगा ओढतो, मग ती परत फिरते.

उलकानने मायेने पोरीला वर नेलं, दोन वेळा मध दिला, पाणी आणि कुमिस पाजून विष धुवायला बसली. हे तिला कळलं तर एर्निसने झगा ओढून काही होणार नाही. मी तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, तरी तुझ्या पाया पडतो. तुझं ते नदीवरचं पत्र तिने वाचलेलं नाही, ते सोबत परत पाठवतोय. जाळून टाक. आणि तिने विचारलं तर सांभाळून बोल.

सोरोनबाय


केन-बुलाक, १७ ऑगस्ट

मेदेर,

पुढच्या आठवड्यात सायकालचा चाळिसावा दिवस आहे. बोरसोकच्या पुऱ्या तळायला बायका येणार आहेत, कापायची घोडी ठरली आहे. सगळं चाललंय. माझ्याशी सगळे फार गोड बोलतात. इतकं गोड की त्यांचं थोबाड फोडावंसं वाटतं. तू एकटा असा आहेस की माझ्याशी आयुष्यात कधी गोड बोलला नाहीस, म्हणून तुला विचारते.

दवाखान्यात मी तिच्या हाताला धरून बसले होते तेव्हा एक नर्स दुसरीला म्हणाली, साखर, आणि माझ्याकडे पाहिलं. मी सोरोनबायला विचारलं, साखर म्हणजे काय? तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि एर्निसला उचलून बाहेर गेला. तो खोटं बोलला की त्याचा कान लाल होतो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते एकच फिरतंय. साखर. मी तिला मध देत होते, मेदेर. नको म्हणाली तरी नाक दाबून दिला एकदा. उलटी झाल्यावर परत दिला. तू खाली ने म्हणाला असतास तरी मी नेलं नसतं, सोरोनबाय म्हणत होता तरी नेलं नाही. माझ्या हाताने काही झालं का?

मला सरळ उत्तर हवंय. तुझा व्यवसाय आहे, तुला त्यातलं कळतं. तू पहिल्यापासून म्हणालास की फोनचा काही दोष नाही. माझ्या तोंडावर म्हणालास, मी शिव्या दिल्या तरी म्हणालास. तू मला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाहीस, ते तुला येतच नाही. तेव्हा तू फोन म्हणालास तर फोन. मी मानेन. आणि तू नव्हता म्हणालास, तर मग मीच होते, आणि मग पुढे काय करायचं ते मला माहीत आहे, त्यासाठी तुला विचारणार नाही.

उत्तर चाळिसाव्याच्या आधी पाठव. कालिबेक तिथे थांबेल.

उलकान


बिश्केक, १८ ऑगस्ट

एजे,

फोनच होता.

कालिबेक खाली उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो, पण सगळं लिहितो. मी जे जे तुला म्हणालो, दोन अल्माझ, कावळा आणि फांदी, मासे, ती सगळी माझी बढाई होती. नवे फोन ठीक असतात. तो नवा नव्हता. तो एका गिऱ्हाइकाने टाकलेला, पाण्यात पडलेला, मी उघडून जोडलेला होता. आत किरणं अडवायला एक पातळ पत्रा असतो. तो गंजला होता, मी काढून फेकला आणि नवा बसवला नाही, दिसत तर नाही म्हणून. डब्यावरचा आकडा शाबूत फोनचा होता. पत्रा नसलेल्या फोनचा आकडा किती येतो ते मी दुकानातल्या यंत्रावर आता मोजून पाहिलं. तुला सांगत नाही. तुला आकडे वाचता येतात, आणि तो आकडा तुला सोसणार नाही.

साखर म्हणाली ती नर्स, त्याचं काही मनात आणू नकोस. शुद्ध हरपलेलं कोणीही आलं की पहिली बाटली साखरेच्या पाण्याची लावतात. ती दुसरीला ती बाटली आणायला सांगत होती. मी इथल्या डॉक्टरला विचारून घेतलंय. तोच म्हणाला की पोरीने इतके दिवस काढले ते त्या मधावर आणि कुमिसवर. तू वर नेलं नसतंस तर ती जूनमध्येच गेली असती. जेझदेंचा कान लाल झाला तो माझ्यामुळे. त्यांना फोनचं सगळं कळलं होतं आणि बहीण-भावांत आग लागू नये म्हणून ते गप्प बसले.

एक गोष्ट नीट ऐक, ही माझ्या शपथेवर. या आजाराचं पहिलं लक्षण तहान आहे. तो फोन त्या घरात होता, एर्निसही त्याच्याशी खेळलाय. त्याला कधी, उद्या किंवा दहा वर्षांनी, खूप तहान लागायला लागली, अंथरूण ओलं झालं, तर कुमिस नको, जायलू नको, मला पत्रही नको. त्याच दिवशी खाली, दवाखान्यात, आणि त्यांना सांग की मुलाच्या मामाने रक्त तपासायला सांगितलंय. कारण विचारलं तर सांगू नकोस. लवकर नेलं तर यावर सुई आहे. सायकालच्या वेळी मला ते माहीत होतं आणि मी बाजारात हसं होईल म्हणून बोललो नाही.

चाळिसाव्याला मी यावं असं तुला वाटणार नाही. बोलावलंस तर येईन, यूर्तच्या बाहेर बसेन, तुझ्या बायका माझ्या नावाने जे रडतील ते ऐकून घेईन. नाही बोलावलंस तर इथेच तिच्यासाठी बोरसोक तळून वाटेन. माझी बायको विचारत होती कशाला रडताय, तिला काही सांगितलं नाही. तूही मला माफ करू नकोस. त्याची घाई नाही, आणि मला ते नकोच आहे. रोज सकाळी उठून मला शिव्या दे, मग एर्निसला खाऊ घाल, मग परत दे.

सायकालला तू जे जे दिलंस ते सगळं बरोबर होतं, एजे. चुकीची वस्तू फक्त मी दिली.

मेदेर